चावीमामाचा रिकामा किल्ला

माझा मामा पडला तो स्वतःच्या जिभेमुळे. घर दाखवताना तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून, उलटा चालत बोलतो. पाठ फिरवली की गिऱ्हाइकाचं लक्ष भिंतीच्या भेगांकडे जातं, असं त्याचं शास्त्र. त्या दिवशी तो असाच उलटा चालत जिन्याची तारीफ करत होता, "पायऱ्या बघा किती सोप्या आहेत, म्हातारं माणूस डोळे मिटून उतरेल," आणि उतरला की स्वतःच, थेट खालपर्यंत. घोट्याच्या वर हाड मोडलं. मी दवाखान्यात एक्स-रे काढते, त्यामुळे मामाच्या पायाचा फोटो काढणं माझ्याच नशिबी आलं. टेबलावर कळवळत पडलेला असतानाही त्याने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "खिडकी नाही, पण थंड राहत असेल, नाही का गं?"

मामा घरांचा दलाल आहे. आमच्या भागातल्या निम्म्या रिकाम्या घरांच्या चाव्या त्याच्या कमरेला असतात आणि तो रस्त्याने निघाला की त्याच्याआधी त्याचा खुळखुळाट पोचतो. म्हणून सगळे त्याला चावीमामा म्हणतात, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्याच्या भाषेत लहान खोली नसते, आटोपशीर असते. अंधारी खोली थंड असते. रस्त्यावरच्या घराला जाग असते, मागच्या घराला शांतता. गिऱ्हाईक यायच्या आधी जाऊन तो नळ सोडून ठेवतो, म्हणजे हवेचा फुसफुसाट आधीच होऊन जातो. बिजागऱ्यांना तेल देतो. आणि घरात कोणाची काही वस्तू राहिली असेल, अगदी एखादी चप्पल, तरी ती उचलून कपाटात कोंबतो. "गिऱ्हाईक भिंत बघत नसतं," तो सांगतो, "गिऱ्हाईक तिथे स्वतःला बघतं. आधीच दुसरं कोणी दिसलं की बिचाऱ्याला जागा उरत नाही."

हे वेड त्याला लहानपणीच लागलं. माझी आई आणि मामा वाढले ते एका दुकानामागच्या खोलीत. घरात माणसं इतकी, की कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची. आई सांगायची, शेजारचं बिऱ्हाड उठून गेलं तेव्हा मामा त्या रिकाम्या खोलीत जाऊन मधोमध हात पसरून उभा राहिला, आणि जेवायला हाक मारली तरी येईना. तेव्हापासून रिकामी खोली दिसली की त्याचा चेहरा उजळतो. माणसाने कशावरही प्रेम करावं, माझी ना नाही. पण मग लग्न करू नये.

मामाने लग्न केलं, आणि मामीलाही रिकाम्या घरातच ठेवलं. म्हणजे घर त्यांचंच, पण सदैव दाखवायला तयार. कधी कोण येईल सांगता येत नाही, म्हणून सोफ्यावर प्लॅस्टिक, ओट्यावर एक भांडं नाही, भिंतीला एक खिळा नाही. आणि खरोखरच कोणीतरी यायचं, घर बघून वेडं व्हायचं, मामा चांगल्या भावाने घर विकायचा आणि दोघं पुढच्या घरात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं मामीचं बिऱ्हाड खोक्यांत. काही खोकी तर दोन-दोन घरं फिरली, उघडलीच गेली नाहीत.

मामी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा पाठवतात, मामी मेणात दात बसवते, घासते, जुळवते, आणि बोळकं तोंड पुन्हा चावायला लागतं. इतकी वर्षं ती एका लॅबमध्ये जात होती. लॅब बंद झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही घरून करा, काम आम्ही पाठवतो. मामीला हवं होतं ते फक्त खिडकीशी एक टेबल, कारण दाताचा रंग दिव्याच्या उजेडात कळत नाही. मामा म्हणाला, "अगं, प्लॅस्टरची धूळ उडेल, भिंती जातील. पुढच्या घरात करू." पुढचं घर आलं, त्याचंही पुढचं घर आलं. आता ती दोघं चौथ्या मजल्यावर होती. पुढच्या खोलीला मोठी खिडकी, सकाळपासून ऊन. हे घर मामीला मनापासून आवडलं होतं, आणि म्हणूनच ते विकलं जाणार हे ठरलेलं होतं. मामा पडायच्या आधी एक जोडपं घर बघून गेलं होतं, दोघांचं मिळून औषधांचं दुकान. मामाचा पाय बरा झाला की ते बयाणा घेऊन पुन्हा येणार होते.

मामीने भांडण केलं नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "या वेळी नव्या घरात तुम्ही जा. मी बहिणीकडे जाते. तिची मागची खोली रिकामी आहे, तिथे टेबल टाकते."

"मागची म्हणजे शांतता," मामा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. मी मामीकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिने साच्यांचं एक खोकं बहिणीकडे पाठवूनही दिलं होतं. आई गेल्यावर दर रविवारी मला जेवायला बोलावून, काही न विचारता वाढणारी ही बाई. ती या घरातून गेली तर उरलेल्या घराला मी काय म्हणणार होते, मला सुचेना.

तर पायात प्लॅस्टर घालून मामा घरी बसला. मामीने पहिल्याच दिवशी त्यावर नखाने टकटक केलं आणि "पाणी जास्त झालंय" असा शेरा मारला. मामा सोफ्यावरून उंटावरून शेळ्या हाकायला लागला. पडदा अर्धा सरकव, बादली आत घे, कोणी आलं तर? दोन आठवड्यांत मामी टेकीला आली. "याला काहीतरी खेळायला दे गं," ती मला म्हणाली, "नाहीतर दुसरा पाय मी मोडेन."

माझ्या जुन्या लॅपटॉपवर किल्ला बांधायचा एक खेळ होता, तो मी आणून दिला. डोंगरावरची ओसाड माची मिळते, मूठभर माणसं मिळतात, आणि तुम्ही किल्लेदार. दगड फोडा, भिंती घाला, खोल्या बांधा, गुरं पाळा. दर ऋतू बदलला की बाहेरून नवी माणसं राहायला येतात, म्हणजे आली तर. ती कशाने येतात हे खेळ सांगत नाही. ते किल्लेदाराने शोधून काढायचं.

मामाने चष्मा कपाळावर चढवला. "माणसं राहायला कशी आणायची, हे मला हा डबा शिकवणार?"

आणि मग त्याने जो किल्ला बांधला! मी कामावरून येऊन बघायची आणि तोंडात बोट घालायची. उगवतीकडे खिडक्या असलेल्या खोल्यांची रांगच रांग, प्रत्येक खोलीत नवाकोरा पलंग, अंगणात फरशी. पहिला ऋतू संपला. पडद्यावर पाटी आली: या ऋतूत कोणी राहायला आलं नाही.

"मशीन बिघडलंय," मामा म्हणाला.

दुसऱ्या ऋतूलाही तीच पाटी. मग मात्र तो पेटला. त्याने हौद बांधला, बाग केली, वेशीपर्यंत दगडी रस्ता काढला, दरवाज्यावर दोन सिंह बसवले. कोणी नाही. तीस वर्षं या गावातली माणसं इकडची तिकडे बसवणारा माझा मामा, आणि त्याच्या किल्ल्यावर एक भिकारीसुद्धा फिरकेना. तो मला दवाखान्यात फोन करायला लागला. एकदा मी एका आजोबांच्या छातीचा फोटो घेत होते, "श्वास रोखून धरा" म्हटलं आणि फोन वाजला. "कारंजं बसवलं गं, पाणी वर उडतंय, तरी कोणी नाही!" मी मामाला समजावत बसले आणि आजोबा बिचारे लाल होईपर्यंत आज्ञाधारकपणे श्वास रोखून उभे.

मामी चहा ठेवायला यायची आणि पडद्याकडे एक नजर टाकायची.

"भाव जास्त लावला असेल तुम्ही."

"भाव नाहीच यात! फुकट आहे!"

"मग लोकांना संशय येत असेल."

एका रविवारी मी शेजारी बसून किल्ला नीट बघितला. प्रत्येक खोलीच्या दारावर एक बारीक पिवळं चिन्ह होतं. मी बोट ठेवलं. कुलूप. रांगेतल्या एकूण एक खोलीला कुलूप.

"मामा, तुझी ही माणसं झोपतात कुठे?"

"गोठ्यात."

"का?"

माझ्या अकलेची कीव आल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. "खोल्या वापरल्या तर खराब नाही होणार? नवं माणूस आलं की त्याला काय दाखवायचं, कोणाचा तरी चुरगळलेला बिछाना?"

मला इतकं हसू आलं की मी सोफ्यावरून घसरले. त्या प्लॅस्टिकवरून घसरणं तसं सोपंच. मामी हात पुसत आली. मी मामाला दाखवलं की एखाद्या माणसावर बोट ठेवलं की त्याच्या मनातलं वाचता येतं. हे त्याला माहीतच नव्हतं. गवंड्याच्या मनात होतं: गोठ्यात झोपलो, गाईने पाय दिला. सुताराच्या मनात: मी बारा पलंग केले, एकावरही पाठ टेकली नाही. आणि स्वयंपाकीण बाईच्या मनात: वेशीवर मीठ विकणारा भेटला, त्याला सगळं सांगितलं.

"सांगितलं?" मामा ओरडला. "घरातलं बाहेर? मीठवाल्याला?"

तेच तर सगळं गुपित होतं. दर ऋतूत मीठवाला येतो, आतल्या माणसांशी बोलतो, आणि पुढच्या गावांत जाऊन तेच पसरवतो. कारंजं बघून कोणी येत नसतं. आतले लोक काय बोलतात, ते ऐकून येतं. मामा धंद्यात आयुष्यभर एक नियम पाळत आला होता, गिऱ्हाईक शेजाऱ्यापाशी पोचायच्या आत बयाणा घ्यायचा, आणि इथे शेजारीच त्याच्या घरात राहत होता.

मग त्याने कुलपं काढली. एकेक काढताना दुखरा दात उपटल्यासारखं तोंड करत होता. दारं उघडली तशी ती मूठभर माणसं धावत सुटली. पलंग ओढले, चुली पेटवल्या, दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. "धूर! छताला धूर लागला! आणि त्या नालायकाने भिंतीला हरणाचं मुंडकं टांगलं!" मामा कपाळ बडवत होता आणि मामी त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणत होती, "छान दिसतंय की."

पुढचा ऋतू आला आणि वेशीवर माणसं दिसली. आधी एक लोहार. मग शेळ्या घेऊन एक कुटुंब. मग दोघी बहिणी, एक विणणारी, एक नुसतीच गाणारी. मामा एका पायावर उभा राहिला. "आले! अगं आले! या, या, डावीकडून या, पायरी जपून!" तो पडद्याला हातवारे करून रस्ता दाखवत होता. त्या आरोळ्या ऐकून खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका, आग लागली की काय, म्हणून बादली घेऊन वर आले, आणि कळल्यावर बादलीवरच बसून बघायला लागले. मामीने सगळ्यांना चहा केला. विणणारी बहीण आपल्या खोलीत शिरली तेव्हा आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. मला अजून कळत नाही आम्ही इतके का खूश झालो होतो. पण त्या संध्याकाळी मी जिना उतरताना एकटीच मोठमोठ्याने हसत होते.

किल्ला भरत चालला. मामा आता आवरेना. बोलताना किल्ला, जेवताना किल्ला, घड्याळवाले काका रोज बादलीशिवाय हजर. पण दलालाचा हात, तो स्वस्थ कसा बसेल? नवं माणूस आलं की मामा त्याला सगळ्यांत चांगली खोली द्यायचा, आणि तिथे आधी जे कोण असेल त्याला उचलून दुसरीकडे. बहुतेक वेळा तिथे असायची ती स्वयंपाकीण बाई. ती मामाची लाडकी, पहिल्यापासूनची, म्हणून तिला तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा सरस जागा द्यायचा. हौदाजवळून बागेजवळ, बागेजवळून बुरुजावर, बुरुजावरून दोन खिडक्यांच्या खोलीत. "बघ, कशी चढत गेली बाई! नशीब काढलंन," तो कौतुकाने म्हणायचा. मामी रिकामे कप उचलून आत जायची. मला वाटलं हा खेळ आहे.

पायाचं प्लॅस्टर निघालं. औषधवाल्यांना रविवारी दुपारचं बोलावलं गेलं, आणि मामाने हुकूम सोडले, पुढची खोली मोकळी करायची, फरशी दोनदा पुसायची. मामी "बरं" म्हणाली. मला वाटलं होतं, किल्ल्याने याचे डोळे उघडले असतील. कसलं काय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

रविवारी मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं आणि आत बाजार भरला होता. जेवायचं टेबल खिडकीशी ओढलेलं. त्यावर साचे, मेणाचे तुकडे, कोरण्या, स्पिरीटचा दिवा. खिडकीच्या कट्ट्यावर कवळ्यांची रांग उन्हात आ वासून बसलेली. सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढून मामीने ते फरशीवर अंथरलं होतं, धूळ पडायला. आणि मधोमध बारीक झालेल्या पायावर मामा नाचत होता.

"अगं, तासभर तरी आवर!"

"संध्याकाळी बँडवाल्याला वरचे दात द्यायचेत. त्याला बिगूल वाजवायचाय, दात नाहीत. तुमच्या गिऱ्हाइकांना आहेत ना? मग थांबतील ती."

"पण आज आणि इथेच?"

"मग कधी आणि कुठे?" मामी शांतपणे म्हणाली आणि एक दात उन्हाला धरून बघायला लागली. मला म्हणाली, "जायचंच आहे, तर आता भिऊ कोणाला?"

मामाचं डोकं चालेनासं झालं की तो आता किल्ल्यावर जायचा. तसा तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. दोन मिनिटांत त्याचा आवाज आला, अगदी बारीक. "ही कुठे चालली?"

मी जाऊन बघितलं. स्वयंपाकीण बाई गाठोडं घेऊन वेशीकडे चालली होती. मामाने घाईने तिच्यावर बोट ठेवलं. तिच्या मनात होतं: खोली चांगली होती. आधीचीही चांगली होती. तिच्या आधीचीही. आता गाठोडं सोडावंसं वाटत नाही.

मामाने काय नाही केलं! किल्लेदाराची स्वतःची खोली तिच्या नावावर केली. गालिचा टाकला. तिचा पुतळा उभारायचा हुकूम दिला. गवंडी दगड घेऊन धावला, पण बाई चालतच राहिली, सिंहांच्या मधून, दगडी रस्त्यावरून, आणि पडद्याच्या कडेपाशी दिसेनाशी झाली.

"काय कमी केलं होतं मी हिला?" मामा रिकाम्या वेशीला विचारत होता. "सगळ्यांत चांगल्या खोल्या दिल्या. सगळ्यांत चांगल्या!" तो दाद मागायला मामीकडे वळला. मामी दिव्यावर कोरणी तापवत होती. तिच्या पलीकडे आतल्या खोलीचं दार उघडं होतं, आणि पलंगाशी एक बॅग उभी होती, पट्टे आवळलेली.

"ती बॅग कोणाची?"

"माझी."

"कशाला?"

"सांगितलं होतं ना तुम्हाला."

मामा त्या बॅगेकडे बघत राहिला. तेवढ्यात बेल वाजली.

औषधवाले जोडपं आत आलं आणि उंबऱ्यातच थबकलं. मी मनात म्हटलं, चला, पळाली गिऱ्हाइकं. पण बाई सरळ खिडकीकडे गेल्या. "अय्या, दात!" असं म्हणून त्या वाकून कवळ्या बघायला लागल्या, मग मामीशी बोलायला लागल्या, मग मामीने सरकवलेल्या खुर्चीवर उन्हात बसूनच घेतलं. त्यांचे यजमान सोफ्यावर टेकले, प्लॅस्टिक नसलेल्या. "मागच्या वेळी आलो तेव्हा हे घर एवढं मोठं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "काही बदललंत का?" बायकोने तिकडूनच सांगितलं, "अहो, हेच घ्यायचं. दुसरं बघायला नको." यजमानांनी खिशातून पाकीट काढलं आणि ठरल्यापेक्षा वरचा भाव स्वतःच्या तोंडाने बोलले.

असं गिऱ्हाईक दलालाला स्वप्नात दिसतं. मामीने मान वर केली नाही, पण तिची कोरणी थांबली होती.

"घर तसं आटोपशीर..." मामाने सवयीने सुरुवात केली आणि तो अडखळला. त्याने खोलीभर बघितलं, मेण, धूळ, उन्हातले दात, आणि शेवटी मामीची वाकलेली पाठ. "साहेब, हे घर रिकामं नाही."

"म्हणजे?"

"इथे राहतात."

"कोण राहतं?"

"ही," मामा म्हणाला.

औषधवाले चिडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. "अहो, पण तुम्हीच तर दाखवलंत!"

"चुकलो. मला वाटलं होतं, रिकामं आहे." मग मामाने पाकीट त्यांच्या खिशात परत सरकवलं, आणि त्याच्यातला दलाल जागा झाला. "दुसऱ्या मजल्यावर अगदी असंच आहे. हीच खिडकी, हेच ऊन. जागा मी देतो, पसारा मात्र तुमचा तुम्हाला करावा लागेल. चला, आत्ता दाखवतो." आणि कठडा धरून, लंगडत, तो त्यांच्यापुढे सरळ तोंडाने जिना उतरायला लागला.

मामीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात दात बसवत होते. "मी रडतेय गं," ती मला म्हणाली, "आणि हा सुळा वाकडा बसला तर बँडवाला मला सोडायचा नाही." मग तिला हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि आम्ही दोघी त्या आ वासलेल्या कवळ्यांसमोर इतक्या हसलो की कट्ट्यावरच्या कवळ्याही हलल्या. "ती बॅग उघड," ती डोळे पुसत म्हणाली, "माझा चहाचा कप आहे तिच्यात."

मी चहा केला. बऱ्याच वेळाने जिन्यावर एक पाऊल जड, एक हलकं असा आवाज आला. दार उघडंच होतं. तरी मामा आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, टोपी हातात, मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

"अगं," तो म्हणाला, "इथे एका माणसाला राहायला जागा मिळेल का?"

मामीने कप खाली ठेवला. "माणूस कसा आहे?"

"सवयी वाईट आहेत."

"आणि राहणार किती दिवस?"

मामाने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "आता कुठे जाववत नाही," तो म्हणाला.

मामीने दिवा विझवला आणि टेबलाचं एक टोक ओढून येण्यापुरती वाट केली.

"पाय पुसून आत या," ती म्हणाली.